किरकोळीचा हिशेब

घरखर्चाच्या वहीत एक रकाना असा असतो की, ज्याच्याकडे कोणीच रोखून पाहत नाही. भाडे, धान्य, दूध, मुलांची फी, औषधपाणी ही मंडळी आपापल्या ओळीत ताठ मानेने उभी असतात. त्यांच्याविषयी घरात चर्चा होते, प्रसंगी वादही होतात. महिनाअखेर बेरीज जुळेनाशी झाली म्हणजे उरलेली रक्कम ज्या रकान्यात ढकलली जाते, त्याचे नाव ‘किरकोळ’. ह्या किरकोळीच्या पोटात काय दडले आहे, ह्याचा शोध घेऊ लागले की पुष्कळदा दोन वस्तू हाती लागतात. एक म्हणजे बाहेर घेतलेला कॉफीचा पेला आणि दुसरी म्हणजे त्याच्या सोबतीला आलेले काहीतरी भट्टीतले, खुसखुशीत : एखादे पॅटिस, क्रीमरोल, नाहीतर केकचा तुकडा.

हिशेब करून पाहावयास फारसे गणित लागत नाही. समजा, कचेरीजवळच्या दुकानात कॉफीला 30 रुपये आणि पॅटिसला 25 रुपये पडतात. रोजचे 55 झाले. महिन्याचे कामाचे दिवस 24 धरले तर 1,320 रुपये होतात आणि वर्षाचे 15,840. मोठ्या शहरांतील थंडगार, काचेच्या दालनांत बसून कॉफी घेणाऱ्याचा आकडा ह्याच्या कितीतरी पट होईल. वाचकांनी आपापले भाव घालून हीच बेरीज करावी. उत्तर पाहून बहुतेकांच्या भुवया उंचावतील. त्यातून हल्ली पैसे मोबाइलवरून जातात. पूर्वी पाकिटातून नोट काढताना, सुटे मोजून घेताना जो एक क्षण मध्ये पडत असे, तो आता पडत नाही. तो क्षण लहान असला तरी विचार करावयास पुरेसा होता.

येथवर आल्यावर काटकसरीवरील लेख बहुधा एकच उपदेश करतात : ही चैन सोडा. भाषांतराच्या निमित्ताने असे पुष्कळ लेख माझ्या हाताखालून गेले आहेत आणि दरवेळी ‘चैन’ ह्या शब्दापाशी माझी लेखणी थबकते. ह्या मराठी शब्दाला उपदेशाची एक धार आहे. चैन म्हटली की ती करणारा थोडासा अपराधी ठरतो. परंतु दुपारी चार वाजता, प्रुफांचा ढीग बाजूस सारून दोन सहकारी खिडकीशी कॉफी घेत उभे राहतात, ती चैन म्हणावी काय? दिवसभर उभे राहून काम करणारी परिचारिका घरी परतण्यापूर्वी दहा मिनिटे एका बाकावर बसून गरम पेला हातात धरते, तिला आपण काय म्हणणार? मला वाटते, पेला सोडावा की धरावा हा प्रश्नच प्रथम बाजूला ठेवावा आणि दुसरा विचारावा : आपण पैसे नेमके कशाचे देतो?

घरच्या पेल्याचा खर्च मांडून पाहू. एका पेल्याला सुमारे 10 ग्रॅम पूड लागते, म्हणजे एका किलोत शंभर पेले. पुडीचा भाव किलोस 800 रुपये धरला तर पेल्याला 8 रुपये पडतात. दूध 100 मिलिलिटर, लिटरला 70 रुपये भावाने 7 रुपयांचे. साखर आणि गॅस धरून सारे मिळून 16 रुपयांच्या आसपास. म्हणजे बाहेरच्या 30 रुपयांत निम्म्याहून थोडा अधिक भाग वस्तूचा, उरलेला जागेचे भाडे, करणाऱ्याची मजुरी, पेला, वीज आणि नफा ह्यांचा. ह्यात गैर काहीच नाही. दुकानदारालाही घर चालवावयाचे असते. मुद्दा एवढाच की, बाहेरचा पेला घेताना आपण कॉफीइतकेच बसावयाच्या जागेचे आणि सोबतीचे पैसे देत असतो. ज्या दिवशी जागा हवी असेल, सोबत हवी असेल, त्या दिवशी ते आनंदाने द्यावेत. ज्या दिवशी पेला हातात घेऊन आपण धावतपळत पुन्हा मेजाशी येतो, त्या दिवशी न वापरलेल्या खुर्चीचे भाडे भरलेले असते.

खुर्चीची किंमत कळण्यासाठी इंडियन कॉफी हाउसचा इतिहास आठवावा. भारतीय कॉफीचा खप देशातच वाढावा ह्या हेतूने 1930 नंतरच्या दशकात ही उपाहारगृहे सुरू झाली आणि पुढे ती कॉफी बोर्डाच्या हाती आली. 1950 नंतरच्या दशकात बोर्डाने ती बंद करावयाचे ठरविले, तेव्हा शेकडो कामगार रस्त्यावर येण्याची पाळी आली. ए. के. गोपालन ह्यांच्या पुढाकाराने त्या कामगारांनी सहकारी संस्था काढल्या. 1957 साली बंगळूर व दिल्ली येथे आणि 1958 साली केरळात त्रिचूर येथे कामगारांनी स्वतःची कॉफीगृहे उघडली. माफक दरात कॉफी द्यावयाची आणि बसलेल्या माणसाला उठवावयाचे नाही, हा त्यांचा लौकिक. दिल्लीत मोहनसिंग प्लेसच्या गच्चीवर एका पेल्यावर दोन दोन तास चाललेल्या साहित्यचर्चा आणि राजकारण पुष्कळांनी ऐकले आहे. कलकत्त्याच्या कॉलेज स्ट्रीटवरील कॉफी हाउसविषयी तर बंगाली माणूस देवळाविषयी बोलावे तसा बोलतो. तेथे जो पेल्याचे पैसे देतो, तो खुर्चीचे पुरेपूर वसूल करून घेतो. अशा ठिकाणी महिन्यातून चार वेळा जाणे ही मला उधळपट्टी वाटत नाही.

उरलेले वीस दिवस राहिले. त्यांसाठी घरची कॉफी बाहेरच्या कॉफीइतकी चांगली झाली पाहिजे, नाहीतर काटकसर आठवडाभरही टिकत नाही. आमच्या कचेरीत अनेक भाषांच्या आवृत्त्यांची मंडळी शेजारी शेजारी बसतात. फिल्टर कॉफी मी तमिळ विभागातील एका ज्येष्ठ भगिनींकडून शिकले. दोन मजली पितळी किंवा पोलादी फिल्टर असतो. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक छिद्रे असतात. त्यात पूड घालून ती हलकेच सारखी करावयाची, फार दाबावयाची नाही. पाणी उकळून क्षणभर थांबावे, प्रथम पूड भिजेल इतकेच घालावे आणि मग उरलेले सावकाश ओतावे. झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटे त्या भांड्याकडे पाहू नये. खाली जे उतरते त्याला त्या ‘डिकॉक्शन’ म्हणतात. मराठीत काढा म्हटले की आजारपण आठवते, म्हणून आपण अर्क म्हणू. त्या सांगत, “अर्काला घाई केली तर तो पैसे परत करत नाही.” घाईने उतरवलेला अर्क पातळ होतो, मग पूड अधिक लागते. वाक्य गमतीचे, पण त्यात हिशेब पक्का होता.

पुडीविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली चिकोरीची. चिकोरी हे एका वनस्पतीचे मूळ. ते भाजून, दळून कॉफीत मिसळतात. आपल्याकडे ते गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकते. त्याने अर्काला रंग व दाटपणा येतो, मात्र त्यात कॉफीतील उत्तेजक द्रव्य नसते आणि ते कॉफीहून स्वस्त असते. दक्षिणेत पुष्कळ घरांत थोडी चिकोरी आवडीने घालतात, तिला भेसळ समजण्याचे कारण नाही. परंतु ती किती आहे हे पाहून मगच भाव ठरवावा. कायद्याप्रमाणे कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफी निदान 51 टक्के असावी लागते आणि दोहोंचे प्रमाण वेष्टनावर छापावे लागते. जवळजवळ निम्मे मूळच विकत घेऊन आपण कॉफीचा भाव तर देत नाही ना, हे त्या बारीक अक्षरांत कळते. दुसरी गोष्ट ताजेपणाची. दळलेल्या कॉफीचा सुगंध हवेत उडून जातो. स्वस्त पडते म्हणून किलोभर आणली तर महिनाअखेरच्या पेल्यांना चव राहत नाही आणि मन पुन्हा बाहेरच्या दुकानाकडे धावते. घट्ट झाकणाच्या डब्यात राहील एवढीच, दोन आठवड्यांची पूड आणावी.

पेल्यातील दुधाचा खर्च पुडीच्या जवळजवळ बरोबरीचा असतो, हे वरच्या हिशेबात दिसलेच. संपूर्ण सायीच्या दुधात स्निग्धांश 6 टक्के, टोन्ड दुधात 3 टक्के आणि डबल टोन्डमध्ये दीड टक्का असतो. अर्क दाट असेल तर टोन्ड दुधाची कॉफी मुळीच पाणचट लागत नाही. मुंबईच्या दूधयोजनेत ह्या टोन्ड दुधाचा पुरस्कार करणारे दारा खुरोडी ह्यांना 1963 साली वर्गीज कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल ह्यांच्यासमवेत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. थोडे दूध अधिक घरांत पोहोचावे ही त्यामागील दृष्टी होती. काटकसर ह्या शब्दाचा मला भावणारा अर्थ हाच आहे : असलेले अधिक जणांना पुरविणे.

आणि येथेच काटकसरीची दुसरी, अंधारी बाजू समोर येते. माझे माहेर मिरजेचे. कर्नाटकाची सीमा जवळ, त्यामुळे आमच्याकडे सकाळी चहा आणि दुपारी कॉफी असा शिरस्ता होता. फिल्टर नव्हता. पातेल्यात पूड उकळून, जायफळ किसून घालून, कापडाने गाळलेली ती कॉफी वडिलांना, आजोबांना, आल्यागेल्याला मिळे. सर्वांचे झाल्यावर आई कापडातला चोथा पुन्हा पातेल्यात टाकी, त्यावर पाणी घाली आणि ते दुसऱ्या पाण्याचे पेय उरलेल्या दोन चमचे दुधाबरोबर उभ्यानेच घेई. तिला कोणी तसे करावयास सांगितले नव्हते आणि तसे करू नकोस असेही कोणी म्हटले नव्हते. घरातील बचतीचे कौतुक होई, तेव्हा ती बचत कोणाच्या पेल्यातून झाली हे विचारावयाची रीत नव्हती.

आता आई आमच्याकडे दिल्लीस असते. फिल्टरमधील पहिला दाट अर्क मी तिच्या पेल्यात घालते. ती एक घोट घेते, मग स्वयंपाकघरात जाऊन त्यात गरम पाणी मिसळते आणि म्हणते, “मला पातळच आवडते ग.” आवडते की सवय झाली, हे आता तिलाही सांगता येणार नाही. चाळीस वर्षे दुसरे पाणी प्यायलेल्या जिभेला पहिल्या पाण्याची चव परकी वाटू लागली, एवढे मात्र खरे. तिचे ते वाक्य ऐकले की बचतीवरील कोणताही लेख भाषांतर करताना मी मनाशी एक ओळ वाढवते : ही बचत घरात कोण करणार आहे, तेही लिहा.

भट्टीच्या पदार्थांकडे वळले म्हणजे मात्र मिरजेचीच एक आनंदाची आठवण सोबतीला येते. दिवाळीच्या आधी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरोघरी बिस्किटे करून आणावयाची पद्धत होती. मैदा, तूप, पिठीसाखर आणि दूध पिशव्यांतून बेकरीत न्यावयाचे, नंबर लावावयाचा आणि भट्टीच्या उबेत वाट पाहत बसावयाचे. कारागीर आपल्या डोळ्यांदेखत पीठ मळी, साच्यातून पट्ट्या पाडी, पत्र्यावर मांडी. लांब दांड्याच्या फावड्याने पत्रे आत जात आणि थोड्या वेळाने सोनेरी होऊन बाहेर येत. मजुरी किलोच्या हिशेबाने द्यावयाची. नानकटाईला मैद्याच्या निम्मे तूप आणि निम्मी साखर, म्हणजे किलोभर मैद्याला अर्धा किलो तूप व अर्धा किलो साखर, हे प्रमाण लहान मुलांनाही पाठ असे. पत्र्याचा मोठा डबा सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी आणला की महिनाभर पाहुण्यांची चिंता नसे.

दिल्लीत आल्यावर जुन्या वस्त्यांतील भट्ट्यांवर मला हीच रीत भेटली. फरक इतकाच की येथे मैद्याऐवजी कणीक नेतात आणि त्यांना ‘आटे के बिस्कुट’ म्हणतात. भाषा बदलली, पीठ बदलले, पण समोर बसून आपल्या तुपाची बिस्किटे करून घेणारी गृहिणी तीच आहे. ह्या पद्धतीत तीन गोष्टी साधतात. कोणते तूप व किती साखर पोटात जाते हे आपल्याला ठाऊक असते. जाहिरातीचा आणि रंगीत वेष्टनाचा खर्च वाचतो. आणि कारागिराच्या हाती त्याची मजुरी रोख पडते, म्हणजे आपली बचत त्याच्या पोटावर येत नाही. जवळपास अशी भट्टी असेल तर वाचकांनी एकदा अवश्य जाऊन पाहावे.

नसेल तर घरातही पुष्कळ करता येते. कुकरची शिट्टी आणि रबरी कडे काढून टाकावे, तळाशी मिठाचा किंवा स्वच्छ वाळूचा थर द्यावा, त्यावर तिवई ठेवून भांडे ठेवावे. रव्याचा केक मंद आचेवर त्यात उत्तम होतो. कुकरमध्ये पाणी मात्र घालावयाचे नाही. विजेची भट्टी असेल तर ती एका वाटीभर बिस्किटांसाठी तापवू नये. 1,500 वॉटची भट्टी तासभर अखंड तापत राहिली तर दीड युनिट वीज जळते, मग आत पत्रा एक असो वा ओळीने तीन घाण काढा. शिळ्या पावाचे तुकडे करून मंद आचेवर पुन्हा भाजले की टोस्ट होतात. बिस्कीट ह्या शब्दाचा मूळ अर्थच ‘दोनदा भाजलेले’ असा आहे. म्हणजे उरलेल्या पावाला दुसरा जन्म देणारी गृहिणी फार जुनी परंपरा चालवीत असते.

तयार पुडे विकत घेताना पुड्याच्या किमतीकडे न पाहता वजनाकडे पाहावे. किंमत तीच ठेवून वजन कमी करणे हा व्यापारातील नित्याचा प्रकार आहे. हल्ली वेष्टनावर ग्रॅममागील किंमतही छापलेली आढळते. दोन पुड्यांची तुलना त्या आकड्यावरून करावी.

कचेरीत आम्ही काही जणींनी कॉफीची भिशी सुरू केली आहे. प्रत्येकीने महिन्याची ठराविक वर्गणी द्यावयाची, त्यातून पूड, दूध, साखर आणावयाची आणि आळीपाळीने फिल्टर लावावयाचा. खाऊ ज्याचा त्याने घरून आणावयाचा. त्यामुळे कधी बंगाली विभागाकडून नारळाचे लाडू येतात, कधी मल्याळी विभागातून केळ्याचे काप. बाहेरच्या पेल्यात विकत मिळणारी सोबत येथे फुकट मिळते. एक नियम आम्ही प्रथमच ठरविला : फिल्टर लावणारीने आपला पेला सर्वांच्या बरोबरच भरावयाचा, शेवटी नव्हे. हा नियम कोणी सुचविला, हे चाणाक्ष वाचकांनी ओळखले असेलच.

आता अखेरचा हिशेब. महिन्यातून चार दिवस बाहेर, म्हणजे 220 रुपये. वीस दिवस घरची किंवा भिशीची कॉफी 16 रुपयांप्रमाणे 320. सोबतीची बिस्किटे रोज 8 रुपयांची धरली तर 160. एकूण 700. पूर्वीच्या 1,320 मधून 620 रुपये उरले. ही रक्कम हाताशीच राहिली तर ती पुन्हा किरकोळीत विरघळते, म्हणून तिला त्याच दिवशी घर द्यावे. डाकघराच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत महिन्याला 100 रुपयांपासून खाते उघडता येते. दरमहा 600 भरले तर पाच वर्षांत मुद्दलच 36,000 होते, व्याज वेगळे. घरातील मुलीच्या शिक्षणाला, आईच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेला किंवा सर्वांच्या एखाद्या प्रवासाला एवढी रक्कम निश्चितच हातभार लावील.

परंतु खाते उघडण्यापूर्वी एकदा सर्वांनी एकत्र बसावे आणि कोणी काय कमी करावयाचे हे उघडपणे बोलावे. वडिलांनी एक सिगारेट, मुलाने आठवड्याचे एक पॅटिस, आईने बाहेरचा एक पेला, असे वाटून घेतलेले ओझे जड होत नाही. ज्या घरात बचतीची बेरीज मोठी आहे, पण कोणा एकीचा पेला नेहमीच पातळ आहे, त्या घराची वही कितीही नीट जुळो, तिच्यात एक रक्कम लिहावयाची राहून गेलेली असते.